शब्द कोणी टाकायचा

आमच्या कारखान्यात बढती मागायची नसते. ती आपल्यासाठी दुसऱ्या कोणीतरी मागायची असते. मागणारा काहीतरी निमित्त काढून मालकांच्या केबिनमध्ये जातो, इकडचं तिकडचं बोलतो, चहा येतो, आणि रिकामा कप खाली ठेवता ठेवता तो म्हणतो, "त्या अमक्याचं काहीतरी बघा की, मालक." मालक म्हणतात, "बघू." याला शब्द टाकणं म्हणतात. ज्याच्यासाठी शब्द टाकला जातो तो त्या वेळी आपल्या जागेवर मान खाली घालून काम करत असतो, आणि यातलं आपल्याला काहीच माहीत नाही असं त्यानं दाखवायचं असतं. स्वतः जाऊन "मला ती जागा द्या" म्हणणारा माणूस एकतर हावरा, नाहीतर दुसरीकडं नोकरी बघून आलेला, असं लोक धरून चालतात.

कारखाना सोलापूरजवळ चिंचोळी एमआयडीसीत आहे. ट्रॅक्टर आणि दुचाक्यांमध्ये वायरींचे जे जुडगे बसवलेले असतात, ते आम्ही बनवतो. त्याला हार्नेस म्हणतात. लांब फळ्यांवर खिळे ठोकलेले असतात, बायका त्या खिळ्यांमधून रंगीत वायरी फिरवतात, टेप गुंडाळतात, टोकांना कनेक्टर बसवतात. काम बारीक, नजरेचं, आणि दिवसभर उभ्यानं. फळ्यांवर सगळ्या बायका, केबिनमध्ये सगळे पुरुष, आणि मधल्या काचेच्या खोलीत मी. माझ्याकडं नियोजन आहे. कुठल्या गिऱ्हाइकाचा माल कधी लावायचा, कुठली वायर संपत आली, सणाला बायका कमी आल्या तर कुठली फळी बंद ठेवायची, हे सगळं मी बघते.

मी स्टोअरमध्ये कारकून म्हणून लागले तेव्हा माझी मुलगी बालवाडीत होती. आता तिचा मुलगा बालवाडीत जातो. मी नियोजनाला आल्यापासून उत्पादन व्यवस्थापक तीन झाले, तिघेही बाहेरचे. एक नाशिकचा, दोघं पुण्याकडचे. माणसं वाईट नव्हती. पण सोलापूर म्हणजे त्यांच्या दृष्टीनं मधलं स्टेशन. बायकामुलं पुण्यात ठेवून यायचे. शुक्रवारी जेवणानंतर त्यांचं सगळं लक्ष गाडीच्या वेळेकडं असायचं. दोन-तीन वर्षांनी चाकणला किंवा रांजणगावला जागा मिळाली की पेढे वाटून निघून जायचे.

मग नवीन माणूस मिळेपर्यंत त्या खुर्चीचं काम माझ्याकडं. पद प्रभारी. एकदा हे काही महिने चाललं, एकदा जवळजवळ दोन वर्षं. नवीन माणूस आला की त्याला सगळं समजावून सांगायचं, कुठला पुरवठादार फोन उचलत नाही, कुठल्या गिऱ्हाइकाला खोटी तारीख दिलेली चालत नाही, आणि त्याला जम बसला की काचेच्या खोलीत परत यायचं.

तेव्हा कारभार थोरल्या मालकांकडं होता. दर दिवाळीला पूजा झाली की ते सगळ्यांसमोर माझ्याकडं हात करून म्हणायचे, "ह्या बाई आहेत म्हणून मला घोर नाही." पहिल्या वर्षी बरं वाटलं. पुढं त्या वाक्याचा अर्थ कळायला लागला. ज्या माणसामुळं घोर नाही त्याला जागेवरून हलवायचं कशाला? मला वर नेलं असतं तर माझ्या जागी कोण, हा नवा घोर त्यांनी आपण होऊन लावून घेतला असता. धंदा करणारा माणूस असं करत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही केलं नसतं.

शब्द टाकायला मला कोणी नव्हतं. टाकू शकला असता तो जाणारा व्यवस्थापक, पण जाणाऱ्याचं मन आधीच गेलेलं असायचं. दुसरा व्यवस्थापक जाताना म्हणाला, "मॅडम, खरं तर ही खुर्ची तुमचीच."

मी विचारलं, "हे मालकांना सांगितलंत का?"

तो हसला आणि त्यानं माझ्या हातावर आणखी एक पेढा ठेवला.

लाइनवर एक सुपरवायझरबाई होती. माझ्याहून दहा-अकरा वर्षांनी लहान. आयटीआय करून फळीवर लागली, सुपरवायझर झाली आणि तिथंच राहिली. निम्म्या बायका तिनं शिकवलेल्या. कोणाचं कोणाशी बिनसलंय, कोणाकडं आज नळाला पाणी येणार म्हणून ती लवकर सुटायला बघतेय, हे तिला सकाळी गेटावर चेहरे बघूनच कळायचं. तिचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा ती शाळेत होती. राहायला शहरातल्या एका बौद्ध वस्तीत. मालकांच्या केबिनमध्ये बसून चहा घेईल असं तिच्या ओळखीत कोणी नव्हतं. माझ्या सासऱ्यांची आणि थोरल्या मालकांची निदान सिद्धेश्वराच्या देवळातली ओळख होती. तिला तेवढंही नाही, आणि ते का नाही हे आम्हाला दोघींनाही माहीत होतं. त्यावर ती कधी बोलली नाही आणि मी कधी विचारलं नाही.

कंपनीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसायचो. सकाळी जाताना ती बोलायची, संध्याकाळी येताना दोघी झोपायचो. माझ्या घरी कानडी बोलतात म्हणून ती मला अक्का म्हणते.

तिसरा व्यवस्थापक गेला त्याच सुमारास थोरले मालक घरी बसले आणि धाकटे मालक आले. बाहेर शिकलेले, पुण्यात एका मोठ्या कंपनीत नोकरी केलेले. लहानपणी सुट्टीत कारखान्यात यायचे तेव्हा मला काकू म्हणायचे, आता मॅडम म्हणायला लागले. त्यांनी पहिल्या महिन्यातच नोटीस लावली. उत्पादन व्यवस्थापकाच्या जागेसाठी आधी आतल्या माणसांचा विचार होईल, ज्यांना जागा हवी त्यांनी स्वतः अर्ज करावा, कोणाचीही शिफारस चालणार नाही.

त्या दिवशी कँटीनमध्ये दुसरा विषय नव्हता.

डिस्पॅचवाला म्हणाला, "म्हणजे आता आपलं स्थळ आपणच घेऊन जायचं."

"आणि आपणच सांगायचं, मुलगी गोरी आहे, स्वयंपाक येतो."

"तुला येतो का रे स्वयंपाक?"

"मला कुठं उभं राहायचंय? मी नुसता जेवायला येणार."

स्टोअरमधले एक जुने गृहस्थ म्हणाले की नोटीस नुसती दाखवायला आहे, माणूस पुण्यात कधीच ठरलाय. नोटिशीपुढं कोणी जरा जास्त वेळ उभं राहिलं की मागून आवाज यायचा, "काय साहेब, पेढे कधी?" त्यामुळं लोक ती नोटीस चालता चालता वाचायला लागले. मीही तशीच वाचली.

बसमध्ये ती म्हणाली, "अक्का, तुमी भरताय न्हवं अर्ज?"

"बघू."

"बघू काय? आता तुमीच की."

"तू भर ना."

"मी? फळीवरची बाई साहेब झाली म्हनून लोक हसतील."

"हसतील दोन दिवस."

"मग ते दोन दिवस तुमीच काढा. मला लई काम हाय."

मला ती जागा हवी होती. पण कागदावर ते लिहून, खाली सही करून, डिस्पॅचवाल्यासमोरून ऑफिसात नेऊन द्यायचं, हे काही जमेना. दुसरं असं की मी सरळ हिशेब करत होते. माझी निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली, तिच्यापुढं बरीच. लाइन तिच्या हातात. ती मनानं अर्ज करणार नाही हे दिसत होतं. तेव्हा मला जे येत होतं ते मी केलं. मुदतीच्या शेवटच्या दिवशी लाल वायरीच्या तुटवड्याचं निमित्त काढून धाकट्या मालकांच्या केबिनमध्ये गेले.

वायरीचं बोलणं संपलं. चहा काही येईना. धाकटे मालक स्वतःच्या बाटलीतून हिरवं काहीतरी पितात आणि दुसऱ्याला विचारत नाहीत. कप खाली ठेवायची वेळच आली नाही, त्यामुळं बोलायचं कधी तेच कळेना. शेवटी उठता उठता म्हटलं, "त्या सुपरवायझरबाईंचं बघा. त्या ही जागा सांभाळतील."

"मग त्यांना अर्ज करायला सांगा ना, मॅडम."

"त्या नाही करणार हो. तुम्हीच बोलवा."

ते हसले, मान हलवली. मी बाहेर आले. एक काम उरकल्यासारखं वाटलं. खरं सांगायचं तर स्वतःचं नाव घेण्यापेक्षा तिचं घेणं फार सोपं होतं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला बोलावलं. पुण्याचे एकजण नक्की झालेत, महिन्याभरात रुजू होतील, तोपर्यंत चार्ज नेहमीप्रमाणं तुमच्याकडं, असं म्हणाले. मी बरं म्हटलं. दारापर्यंत गेले आणि विचारलं, "आतल्या कोणाचाच अर्ज आला नाही का?"

"एक आला, डिस्पॅचमधून. पण त्यांचा अनुभव कमी पडतो." मग ते जरा थांबले. "मी खरं तर तुम्हा दोघींच्या अर्जाची वाट बघत होतो. तुम्ही आलात आणि त्यांचं नाव सांगितलंत. त्याच दिवशी दुपारी त्या आल्या, त्यांनी तुमचं नाव सांगितलं. मग मी समजलो की दोघींनाही जबाबदारी नकोय. जिला हवं असेल ती दुसरीचं नाव कशाला सांगेल?"

त्यांना दोष देण्यासारखं काही नव्हतं. ते जिथं शिकले तिथं शब्द टाकण्याचा अर्थ तोच होत असणार. जाणत्या माणसानं मधला अर्थ ओळखायचा असतो, ही आमची सवय. त्यांनी नोटिशीत स्पष्ट लिहिलं होतं, आणि आम्ही दोघींनी ती नोटीस चालता चालता वाचली होती.

संध्याकाळी बसमध्ये बसल्या बसल्या मी विचारलं, "तू मालकांकडं गेली होतीस?"

ती दचकली. "व्हय. तुमाला कुनी सांगितलं?"

"त्यांनीच. मीही गेले होते. तुझ्यासाठी."

ती माझ्याकडं बघत राहिली. "आयो!" म्हणाली, आणि हसायलाच लागली. ड्रायव्हरनं आरशातून बघितलं. पुढच्या सीटवरच्या बायका वळल्या. मग तिचं हसणं एकदम थांबलं.

"म्हंजे आपन दोघींनी मिळून त्या पुन्यावाल्याला खुर्चीत बसवला."

"बसवला."

"फुकाट."

त्या दिवशी दोघींनाही झोप आली नाही.

"अक्का, एक इचारू? तुमाला पायजे होती का वो ती जागा?"

"हो."

"मग बोलला का न्हाय?"

"तू बोललीस?"

तिनं खिडकीकडं तोंड फिरवलं. "मला बी पायजे होती," म्हणाली.

इतकी वर्षं एका सीटवर बसून आम्ही एकमेकींच्या सासवा, गुडघे, मुलांचे मार्क, सगळं बोललो होतो. हे एवढंच राहिलं होतं.

पुण्याचा माणूस आलाच नाही. आज येतो, सोमवारी येतो करत शेवटी कळलं की आमच्या कंपनीचं नेमणुकीचं पत्र त्यानं आपल्या जुन्या साहेबांना दाखवलं आणि तिथंच पगार वाढवून घेतला. असं करतात म्हणे सर्रास. धाकटे मालक चिडले होते. मला बोलावून म्हणाले, "मॅडम, चार्ज तुमच्याकडं आहेच. चालू ठेवा. पुढचा माणूस बघतो मी."

मी म्हटलं, "नाही."

"म्हणजे?"

"प्रभारी म्हणून नाही करणार. मला ही जागा पाहिजे. ती देणार असाल तर करते. नाहीतर महिनाअखेरीला चार्ज सोडते आणि माझं नियोजन बघते."

मला वाटलं होतं ते रागावतील किंवा हसतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. "मग अर्ज करा ना, मॅडम," म्हणाले. "मी पुन्हा नोटीस लावतो." एवढंच. मी एवढी वर्षं जे टाळत होते ते इतकं छोटं निघालं याचाच मला जास्त राग आला.

बसमध्ये मी तिला सरळ सांगितलं. "मी अर्ज करतेय. तुला करायचा तर तूही कर. माझ्यासाठी थांबू नको, मीही तुझ्यासाठी थांबणार नाही."

"म्हंजे आपन दोघी एकमेकींच्या इरोधात?"

"हो."

"बरं," ती म्हणाली. बॅग मांडीवर घेतली आणि बाटलीतलं पाणी प्यायली. मग पुढं बराच वेळ ती मोबाइलमध्ये काहीतरी बघत राहिली. त्यानंतरचे दोन आठवडे आम्ही बसमध्ये शेजारीच बसत होतो, पण बोलणं हवापाण्याचं. मला ते जड गेलं. तिलाही गेलं असणार.

घरी अर्ज लिहायला बसले तर आमचे हे पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "आता कशाला? थोडी वर्षं राहिलीत. शांततेत काढ."

"काम तेच करतेय की. शांतता कुठली?"

"मग झालं तर. करतेयस ना?"

"करतेय. पण प्रभारी म्हणून."

"एका शब्दासाठी एवढं?"

"हो. एवढं."

त्यांनी पेपर पुन्हा तोंडापुढं धरला. थोड्या वेळानं पेपरामागूनच म्हणाले, "लिहिलंस की वाचून दाखव." वाचून दाखवलं तर म्हणाले, "हा अर्ज आहे की कारखान्याची माहिती? तू काय केलंस ते कुठंय?" बघितलं तर खरंच नव्हतं. पुन्हा लिहिला. रविवारची दुपार त्यात गेली.

मुलाखत नेमकी नळाला पाणी यायच्या दिवशी आली. पहाटे उठून टाकी, पिंपं, बादल्या भरल्या, वरच्या मजल्यावरच्या म्हातारीच्या दोन कळशा चढवून दिल्या, आणि खांदे दुखत असतानाच इस्त्रीची साडी नेसून गेले. केबिनमध्ये धाकटे मालक होते आणि समोर पडद्यावर पुण्याच्या एक सल्लागारबाई. त्यांनी कामाचं सगळं विचारलं, मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता?"

"घरी," मी म्हटलं. "तोपर्यंत मी रिटायर झालेली असेन."

त्या हसल्या. धाकटे मालक हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "तुम्हाला ही जागा दिली तर नियोजन कोण बघेल?"

"मीच बघेन," मी लगेच म्हटलं. "दोन्ही बघेन. आजवर बघितलंच आहे."

मला ते उत्तर चांगलं वाटलं होतं. बाहेर येतानासुद्धा वाटत होतं.

तिची मुलाखत माझ्यानंतर झाली. तिला काय विचारलं ते तिनं मला निकालानंतर सांगितलं, मी विचारलं म्हणून. तोच प्रश्न होता. तुम्ही वर गेलात तर लाइन कोण सांभाळेल? ती म्हणाली होती, "तिघीजनी तयार हायत. बाहेरच हायत, बोलवू का?" आणि खरंच बोलावल्या. हातातलं काम टाकून तिघी टेपचे तुकडे बोटांना चिकटलेले, तशाच आत गेल्या होत्या.

जागा तिला मिळाली.

धाकट्या मालकांनी आधी मला बोलावून सांगितलं, हे त्यांचं चांगलं. "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. तुमचा अनुभव कंपनीला हवाच आहे. तुमचं पद आपण वरिष्ठ नियोजन अधिकारी करतोय."

"पगार?"

"तेही थोडं बघू."

"'बघू' नको. आकडा सांगा."

त्यांनी सांगितला. मी म्हटलं, कमी आहे. त्यांनी थोडा वाढवला. मी उठले.

वाईट वाटलं. किती वाटलं ते लिहून काही उपयोग नाही. मला ती जागा तिच्याहून आधीपासून हवी होती, आणि ती तिला मिळणं बरोबर होतं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या आणि एकीनं दुसरी कमी झाली नाही. घरी येऊन भाकऱ्या टाकल्या. ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं, सुटलीस." मी तवा उतरवला.

कारखान्यात आठवडाभर गोंधळ चालला. आता केबिनमध्ये हळदीकुंकू होणार, असं कोणीतरी म्हटलं. दोघं-तिघं तिला मॅडम म्हणायचं टाळायला तिच्याशी बोलायचंच टाळत होते. माल अडकला तेव्हा आपोआप म्हणायला लागले. डिस्पॅचवाला मला म्हणाला, "आपली दोघांचीही पत्रिका जुळली नाही, बाई." स्टोअरमधले ते जुने गृहस्थ एकदा माझ्या खोलीत येऊन हळू आवाजात म्हणाले, "तुमच्यावर अन्याय झाला. आणि तेही कोणासाठी..."

"इतकी वर्षं तुम्ही इथं आहात," मी म्हटलं. "माझ्यासाठी मालकांकडं कधी गेला होतात का?"

त्यांना एकदम काहीतरी काम आठवलं.

खुर्चीत बसल्याच्या दुसऱ्या दिवशी ती चार्ज घ्यायला माझ्याकडं आली. आता ती बसऐवजी केबिनमधल्या लोकांबरोबर कंपनीच्या गाडीनं येणार होती, त्यामुळं आमची सकाळची भेट माझ्या खोलीतच. मी एकेक गोष्ट सांगायला सुरुवात केली तर म्हणाली, "अक्का, समजावून नका सांगू. सगळं म्हाईत हाय मला. किल्ल्या तेवढ्या द्या." किल्ल्या दिल्या. ती उठली नाही.

"नियोजन शिकायला एक बाई देतीय तुमच्याकडं. उद्यापासनं."

"मला नको. मधे कोणी असलं की मला काम सुचत नाही."

"इचारत न्हाय, अक्का. सांगतीय."

मी वर बघितलं. तिची नजर खाली गेली नाही, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला ते वाक्य लागलं. मुलाखतीत मी काय उत्तर दिलं होतं ते तिला कळलेलं असणार, हेही लक्षात आलं.

"कोण आहे?" मी विचारलं.

"तिसऱ्या फळीवरची. तिनं सोताहून मागितलंय."

दुसऱ्या दिवशी ती बाई आली. दोन मुलांची आई, बारावी झालेली, केम गावाकडची, लग्न होऊन सोलापुरात आलेली. खोलीत दुसरी खुर्ची नव्हती, कधी लागलीच नव्हती. कँटीनमधला एक स्टूल आणवला. तिला वाटत होतं सगळं एका दिवसात येईल. हे आधी का, ते नंतर का, ह्याच गिऱ्हाइकाला का, असं दुपारपर्यंत तिचं चाललं आणि माझं डोकं दुखायला लागलं. आजवर ही उत्तरं मला कोणाला द्यावी लागली नव्हती. काही उत्तरं देताना लक्षात आलं की त्यांना कारण असं काही नाहीच, मी तसं करत आले एवढंच. ते तिला सांगावं लागलं.

आठवडे गेले. ती चुकली, मी ओरडले, तिनं ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं. मी दमत होते. तिसऱ्या आठवड्यात तिनं पुढच्या सोमवारचं सगळं नियोजन एकटीनं करून माझ्यासमोर ठेवलं. दोन ठिकाणी चूक होती. मी बोट ठेवलं, तिनं सुधारलं, आणि तिथंच उभी राहिली.

"काय?"

"बाई, तुम्ही सुट्टी कधी घेता?"

"का?"

"नाही, म्हणजे," ती म्हणाली, "तुम्ही नसताना मला एकदा पूर्ण करून बघायचंय."

असं तोंडावर मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मी तिच्याकडं बघितलं. ती काही घाबरलेली दिसली नाही, तिला खरंच तेवढंच पाहिजे होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. ह्या महिन्यात सण नव्हता, मोठा माल नव्हता. सलग सुट्टी मी शेवटची कधी घेतली होती ते आठवेना.

"पुढच्या आठवड्यात," मी म्हटलं. "सोमवार ते शनिवार. आणि मला फोन करायचा नाही."